आईचा परतीचा हक्क

आमच्या कुटुंबात युरोपची नागरिक एकच, आणि ती म्हणजे माझी आई. जन्मली डिचोलीत, लग्न होऊन गेली तीही डिचोलीतच, दोन गल्ल्या सोडून. पोर्तुगीज भाषेतले तिला येणारे शब्द म्हणजे पाव आणि बटाटा, आणि ते पोर्तुगीज आहेत हेही तिला मीच सांगितलं. पण आजोबा, म्हणजे आईचे वडील, गोव्यात पोर्तुगीज राजवट असताना जन्मलेले. त्या जन्मनोंदीच्या जोरावर, बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी, आईने पोर्तुगालचा पासपोर्ट काढला. आमच्या वाड्यावरच्या निम्म्या घरांनी काढला होता. मी तेव्हा पुण्यात नोकरी करत होते. लिस्बनला जाऊन तू काय दिवे लावणार, असं विचारून मी फोनवर यथेच्छ हसले. लिस्बनला कोण मरायला जातंय, ती म्हणाली, मी इंग्लंडला चाललेय.

ब्रिटन तेव्हा युरोपातून बाहेर पडत होतं. ठरलेल्या तारखेच्या आत जे युरोपीय नागरिक तिथे राहायला येतील त्यांना राहू देणार, नंतर येणाऱ्यांना नाही. आई शेवटच्या काही महिन्यांत जाऊन पोचली. तिला राहण्याचा तात्पुरता परवाना मिळाला. पाच वर्षं सलग राहिलं की तो कायमचा होणार होता. सलग म्हणजे कुठल्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहायचं नाही. इंग्रजी वाचून ही अट तिला समजावून सांगितली ती मी. आमच्या घरात सरकारी कागद वाचण्याचं खातं माझ्याकडेच असतं.

तिथे तिला एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम लागलं. गोव्याहून आलेल्या तीन बायका एका घरात राहत होत्या, त्यांच्यात ती चौथी. वरच्या मजल्यावरची मागची खोली तिची. तिने मला त्या खोलीचे इतके फोटो पाठवले की मी वैतागले. खिडकी, खिडकीतून दिसणारं सफरचंदाचं झाड, कपाट, आतून बंद होणारी कडी. आईने आयुष्यभर माणसांनी भरलेल्या घरात स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत दिवस काढले होते, आणि त्या खोलीला दारच नव्हतं, पडदा होता. पंचावन्न उलटल्यावर तिला स्वतःची किल्ली मिळाली. हे मला तेव्हा समजलं नाही. फोटो पाहून मी एवढंच म्हटलं, की पडदे जरा बरे घे.

मी आणि माझा नवरा तोवर जपानला आलो होतो. तो योकोहामाला एका प्रकल्पावर, मी तोक्योत एका कंपनीत टेस्टिंगला, आणि घर फुनाबोरीला, कारण तिथे भारतीय दुकान, भारतीय शेजार आणि दोघांनाही सारखीच गैरसोयीची ट्रेन होती. लग्नानंतर सात वर्षांनी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण माझं माहेर म्हणजे इंग्लंडातली एक मागची खोली. तेव्हा आईच येईल असं ठरलं, म्हणजे मी ठरवलं.

आमच्या इमारतीतल्या बाकीच्या मुलींच्या आया यायच्या तेव्हा त्यांचा महिना-दोन महिने नुसता कागदांत जाई. निमंत्रणाचं पत्र, जामीनपत्र, कुयाकुशोतून, म्हणजे वॉर्ड ऑफिसातून, काढलेले कराचे दाखले, मुलगी खरोखर गरोदर असल्याचा पुरावा. माझ्या आईने तिकीट काढलं आणि आली. पोर्तुगालच्या पासपोर्टवर जपानमध्ये नव्वद दिवस व्हिसाच लागत नाही. मुली माझा हेवा करायच्या आणि मला ते आवडायचं.

ती इंग्लंडहून थेट मात्र आली नाही. आधी दीड महिना डिचोलीला राहिली. डिंक, अळीव, बाळंतशेपा, नारळाचं तेल, जुन्या सुती साड्यांची दुपटी, हे सगळं जमवल्याशिवाय लेकीच्या बाळंतपणाला जायचं नसतं. सामान असं, की नारिता विमानतळावर कस्टमच्या एका मुलीने तिला एका बाजूला घेऊन तासभर एकेक पुडी उघडून पाहिली. ती बाहेर आली ती त्या कस्टमच्या मुलीला ओव्याची एक पुडी भेट देऊनच, किंवा तिने तरी तसंच सांगितलं.

मुलगी झाली. पुढचे काही महिने मी माझ्या आयुष्यात सर्वांत निवांत होते असं म्हटलं तर कोणाला पटणार नाही, पण तसंच होतं. जपानी घरातली न्हाणी आईला फार पसंत पडली. टब वेगळा, आणि बाहेर बसून अंग धुवायला मोकळी फरशी, पाणी वाहून जायला जाळी. ती त्या फरशीवर पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर पालथं घालायची आणि सावकाश तेल-पाणी करायची. ही न्हाणी ज्याने बांधली त्याच्या आईने त्याला असंच न्हाऊ घातलं असणार, असं तिचं मत. कचऱ्याचे वार तिला माझ्याआधी पाठ झाले. शेजारच्या जपानी आजींनी तिला जिन्यात गाठून बरंच काही सांगितलं. मी भाषांतर केलं, की इथल्या मुलीही पहिल्या बाळंतपणाला आईकडे जातात, तुम्ही उलट आलात. आईने त्यांना दोन लाडू दिले.

नव्वद दिवस संपत आले तेव्हा आम्ही तिला माझ्या नवऱ्याबरोबर दोन दिवस कोरियात सोलला पाठवलं आणि पुन्हा आत घेतलं. परत येताना अधिकाऱ्याने तिला बरंच विचारलं. पुन्हा नव्वद दिवसांचा शिक्का दिला, पण असं वारंवार चालणार नाही, एवढं नम्रपणे बजावलं. चालायची गरजही नव्हती. तिचं परतीचं तिकीट होतं, आणि ते दीड महिन्यानंतरचं होतं. डिचोलीचे दिवस धरून सहा महिन्यांना आठवडाभर कमी असताना ती इंग्लंडात उतरणार होती. ही तारीख तिने स्वतः, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवत, निवडली होती.

ते तिकीट मी रद्द करायला लावलं.

कारणं होती. बाळ रात्रंदिवस रडत होतं, नवऱ्याचा प्रकल्प अंगावर आलेला होता, आणि होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात, जागा मिळाली नव्हती. माझी रजा मी आधीच कमी करून मागितली होती, कारण माझ्या जागी आणलेला मुलगा फार चांगला आहे असं ऑफिसातल्या सगळ्या सानांनी, म्हणजे जपानी सहकाऱ्यांनी, मला वेगवेगळं, काळजीने, कळवलं होतं. पण कारणं नसती तरी मी तिला थांबवलंच असतं. ती जाणार या विचाराने मला घाम फुटत होता. मी लॅपटॉप उघडला आणि ब्रिटनचे नियम वाचत बसले. आणि मला हवं ते सापडलं. सहा महिन्यांच्या अटीला एक सवलत होती: महत्त्वाचं कारण असेल तर एकदा वर्षभरापर्यंत बाहेर राहिलेलं चालतं. कारणांच्या यादीत आजारपण होतं, शिक्षण होतं, आणि चक्क बाळंतपण होतं. मी आईला ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाय, नीट वाचलंस ना?" मी म्हटलं, यात न समजण्यासारखं काय आहे. ती थांबली.

सहा महिने उलटून गेले. पुढे काही अडायला नको म्हणून मी इंग्लंडातल्या एका मदत केंद्राशी व्हिडिओवर बोलायची वेळ घेतली. तिथली बाई या अर्जांच्या कामात मुरलेली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, की याआधी कधी तुमची आई सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर होती का. मी नाही म्हणणार तोच आई माझ्या शेजारून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, की होती, आठ महिने.

आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हाची गोष्ट. आई नोकरीवर रजा टाकून डिचोलीला गेली होती, आणि आजीचं सगळं अंथरुणातच करायचं होतं ते तिने आठ महिने केलं. मी जपानहून पाच दिवसांसाठी जाऊन आले होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या लेखी ते मोजण्यातच येत नव्हतं. बाहेर राहणं म्हणजे माझ्या डोक्यात फिरायला जाणं, शिकायला जाणं, नोकरीसाठी जाणं. आई आजीचं करायला गेली हे जाणं कसलं, ती तर आईच आहे. मी त्या सवलतीतला 'एकदा' हा शब्द वाचला होता, आणि ते एकदा तिने केव्हाच वापरलंय हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्या बाईने समजुतीने सांगितलं. परवाना आज रद्द होत नाही, पण पाच वर्षांची सलगता तुटली. तो कायमचा होणार नाही. आणि आता सरकार रेकॉर्ड तपासून असे परवाने हळूहळू काढून घेणार अशी चिन्हं आहेत. आईने तिचे आभार मानले. कॉल बंद झाल्यावर मी रडायला लागले, तर तिने मला पाणी आणून दिलं. मला तिचा राग आला. तिने मला दोन शब्द सुनावायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी तिने इंग्लंडातल्या मैत्रिणीला फोन केला. ही मैत्रीण मडगावकडची, त्याच घरात खालच्या खोलीत राहणारी, वयाने मोठी. आई तिला सांगत होती, की अर्धवट राहायला तिकडे येऊन काय करू, उद्या म्हणतील ऊठ आणि चालती हो, मग त्या वयात पुन्हा कुठे जाऊ. इथले दिवस संपले की डिचोलीला जाईन. खोलीचं विचारलं तेव्हा मात्र तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. महिनाअखेरपर्यंत कोणाला देऊ नका, मी विचार करते, असं म्हणाली. फोन ठेवून तिने भाजी चिरायला घेतली आणि सगळी भाजी फार बारीक चिरली.

त्यानंतर आठवडाभराने मी कामावर रुजू झाले. पहिल्याच सोमवारी सकाळी, फुनाबोरीहून सुटलेल्या ट्रेनमध्ये, मी फोनवर ते वाचलं. त्या मदत केंद्राच्या पानावर होतं. ब्रिटनने नियम बदलले होते. तात्पुरता परवाना असलेल्या युरोपीय नागरिकांना आता सलग राहण्याची अट नव्हती. गेल्या पाच वर्षांत सगळे मिळून अडीच वर्षं देशात राहिलेलं दाखवता आलं की पुरे. मी उभ्या उभ्या आईचे महिने मोजले. आजीचे आठ वजा केले, डिचोलीचा दीड वजा केला, जपानचे वजा केले. तरी अडीच वर्षांच्या कितीतरी वर राहत होते. म्हणजे आईचा परवाना कायमचा होणार होता. ती परत जाऊ शकत होती. दुसऱ्या दिवशीसुद्धा.

त्या दुसऱ्या दिवसानेच घात केला. तिला सांगितलं असतं तर ती निघाली असती. तिला आता पुरे झालं होतं, हे मला दिसत होतं. आणि पाळणाघरातली जागा पुढच्या महिन्यात मिळायची होती. ती गेली की मला पुन्हा रजा मागावी लागणार, आणि माझ्या टेबलापलीकडे तो चांगला मुलगा बसलेला. मी ठरवलं, आज नको, शुक्रवारी सांगू. शुक्रवारी बाळाला लस टोचून आणली होती. मग म्हटलं, नियमाची नीट खातरजमा करून सांगू, एकदा तोंडावर पडलेय. हे कारण इतकं छान होतं की मी त्यावर आठवडा काढला. खातरजमा मात्र मी केली नाही, कारण पाच मिनिटांत ती झाली असती.

नवऱ्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "आईंना आजच सांग. नाहीतर मी सांगतो." मी त्याच्याशी भांडले. तू रजा घेतोस का, असं विचारल्यावर तो गप्प बसला, आणि आम्ही दोघंही या गप्प बसण्यात सामील झालो. तरी त्याच्यावर ढकलण्याचा माझा विचार नाही. आई त्याची नव्हती.

त्या दिवसांत मी आईशी फार गोड वागत होते. ऑफिसातून येताना तिच्यासाठी स्टेशनवरच्या दुकानातून लाल बीन्सचं गोड पुरण भरलेला तांदळाचा गोळा आणायचे, तो तिला आवडत असे. शनिवारी तिला नदीकाठी घेऊन गेले. ती चालता चालता म्हणाली, की डिचोलीच्या घरात आता काकांच्या मुलाने वरचा भाग भाड्याने दिलाय, मला खालची मधली खोली देतील. देतील ना, असं तिने मलाच विचारलं. मी म्हटलं, का नाही देणार. एवढ्या थंड डोक्याने मी आयुष्यात दुसरं काही बोललेली नाही.

एकोणीस दिवस गेले. पाळणाघराचं पत्र आलं, जागा मिळाली होती. मी ते पत्र वाचलं आणि त्याच संध्याकाळी, आई बाळाचे कपडे घड्या घालत असताना, तिला नव्या नियमाचं सांगितलं. पत्र आधी आणि नियम मग, याच क्रमाने. तिला पहिल्यांदा कळलंच नाही. पुन्हा सांगितलं. तिने हातातलं झबलं खाली ठेवलं, आणि मला पुन्हा महिने मोजायला लावले, या खेपेला कागदावर. मग ती हसली. त्या महिन्यांत ती हसली नव्हती असं नाही, पण ते बाळाकडे पाहून. हे हसू तिचं स्वतःचं होतं.

तिने लगेच मैत्रिणीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. आईने आनंदाने सगळं सांगितलं, आणि मग बराच वेळ नुसती हं, हं म्हणत राहिली. महिना संपला होता. आईचा निरोप आला नाही म्हणून मालकाने आठ दिवसांपूर्वी खोली दिली होती. पोलंडची एक मुलगी आली होती राहायला. आईचं सामान मैत्रिणीने दोन पेट्यांत भरून खाली जिन्याखाली ठेवलं होतं, किल्ली तेवढी मालकाला परत द्यावी लागली. वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकघरातही नवीन माणूस घेतलं होतं.

आईने फोन ठेवला. झबलं पुन्हा हातात घेतलं. "आठ-दहा दिवस आधी कळतं तर," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून सहज विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

मी म्हटलं, "काल."

तिने मान डोलावली. म्हणाली, "तू लक्ष ठेवून होतीस म्हणून निदान कळलं तरी. मला कोण सांगणार होतं?" आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तेव्हाच सांगता आलं असतं. तो हात पाठीवर असताना सांगायला मात्र जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती.

पंधरा दिवसांनी आई गेली. विमानतळावर बाळाला माझ्याकडे देताना तिने मला तेल कोमट कसं करायचं ते पुन्हा सांगितलं. काही महिन्यांनी तिचा परवाना कायमचा झाला. काम तिला दुसऱ्या गावात मिळालं, एका कारखान्यात, डबे भरण्याचं, आणि राहायला एका खोलीत अर्धी जागा. दुसऱ्या अर्ध्या भागात वास्कोची एक बाई आहे. आई व्हिडिओवर आली की फोन भिंतीकडे धरून बसते, म्हणजे त्या बाईची अडचण होऊ नये. मी विचारते, बरी आहे का जागा. ती म्हणते, बरी आहे, झोपायला तर लागते. स्वतंत्र खोली बघ ना, असं मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. या वयात आता कुठे शोधत फिरू, असं ती म्हणते, आणि बाळाला दाखव म्हणून सांगते. मुलगी आता पाळणाघरात शिकलेली जपानी गाणी म्हणते. आईला त्यातलं काही कळत नाही, ती टाळ्या वाजवते.

गेल्या रविवारी मी फोन केला तेव्हा तिकडे कोणीतरी नवीन बाई आली होती, तिच्याही परवान्याचं काहीतरी अडलं होतं. आईने मला थांबायला सांगितलं आणि फोन तसाच चालू ठेवून तिला समजावू लागली. मला तिचा आवाज स्पष्ट येत होता. नियम सारखे बदलतात, ती सांगत होती, आपल्याला कळत नाहीत, कोणीतरी आपलं माणूस लागतं लक्ष ठेवायला. "माझ्या लेकीने बघ, जपानमध्ये बसून शोधून काढलं. आणि कळल्याबरोबर दुसऱ्या दिवशी मला सांगितलं."

मग तिने फोन उचलून विचारलं, आहेस ना गं. मी म्हटलं, आहे.